कोंडाजीची आई

शामकांतने टाक दौतीत बुडवला, जास्तीचा थेंब काठाला पुसला आणि विचारले, "आईचं नाव?"

टेबलापुढे दोन बायका उभ्या होत्या. तिसगावाहून नगरला सर्व्हिस मोटारीने आल्या होत्या आणि वाटेतली सगळी धूळ अंगावर घेऊन आल्या होत्या. त्यांचे बाळ डॉक्टरांनी पाहताक्षणी आत नेले होते. त्याला डबा झाला होता, छाती कफाने भरली होती; श्वासागणिक बरगड्या आत ओढल्या जात होत्या. औषध सुरू झाले होते. राहिली होती ती दाखल करण्याची नोंद, आणि ते काम शामकांतचे.

"गौहर," तरुण बाई म्हणाली आणि शेजारच्या वयस्क बाईकडे तिने बोट केले. "ह्या."

"आणि तू कोण?"

"मी चांगुणा. शेजारीन."

"बाळाचं नाव?"

"कोंडाजी."

शामकांतची भुवई वर गेली. गौहर नावाच्या बाईचा मुलगा कोंडाजी? शिवाय बाईचे निम्मे केस पिकलेले आणि बाळ जेमतेम बसू लागलेले. मुलांच्या या इस्पितळात खोटे सांगणारी माणसे त्याला नवी नव्हती. कोणी वय चोरत, कोणी आधी केलेले अंगारे-धुपारे लपवत. पण मूलच लपवणारी बाई त्याने पाहिली नव्हती. त्याचे अक्षर मोत्यासारखे होते, आणि मोत्यांत खडा आलेला त्याला खपत नसे.

तेवढ्यात आतून सिस्टरबाई आल्या.

"वाटीतलं दूध थुंकतंय पोर. आई कोण याची? चला आत. एकच बाई राहील, आणि ती आईच. मेट्रनबाईंचा नियम आहे."

त्यांच्यामागून रडणे ऐकू आले, बारीक, दमलेले. चांगुणाने चटकन पदर छातीशी ओढून धरला. तरी चोळीवर पसरलेला ओला डाग शामकांतला दिसला. त्याने नजर टेबलावर वळवली.

"बाई, पोर तुझं आहे," तो खालच्या आवाजात म्हणाला. "खरं सांग, म्हणजे तुला आत सोडतो."

"माजं न्हाई."

"ते उपाशी आहे."

"मला भाईर बसवा न्हाईतर हाकलून द्या," चांगुणा म्हणाली. "पन माजं म्हनायला लावू नका, साहेब."

गौहरबीने तिच्या पाठीवर हात ठेवला. "जा, त्वांडावर पानी मारून ये." चांगुणा नळाकडे गेली तशी गौहरबी टेबलाजवळ सरकली.

"तिच्या त्वांडानं न्हाई यायचं ते. तीन गेली तिची, एकबी वर्साचं झालं न्हाई. माजी समदी जगली. म्हनून ह्यो झाला तवा तिच्या सासूनं सुपात घालून माज्या दारात आनला. म्या मूठभर कोंडा टाकला न् इकत घेतला. मग सांबाळायला तिच्याकडंच दिला. आता तिनं माजं म्हनलं, की ह्योबी त्या तिघांमागं जायचा."

 

एरवी शामकांत हसला असता. बायकांच्या असल्या तोडग्यांची तो घरी टिंगल करी. पण घरी त्याच्या बायकोला, नीलांबरीला, आठवा महिना लागला होता. आधीची दोन मुले नाव ठेवण्याआधीच गेली होती. पाळणा माळ्यावर होता आणि या खेपेला तो खाली काढण्याचा विषय दोघांनीही काढला नव्हता. शामकांत भ्याला होता. दिवसभर लोकांच्या आजारी मुलांची नावे लिहिताना तो भीत असे, आणि हे सांगायला त्याला कोणी नव्हते.

त्याने सिस्टरबाईंकडे पाहिले.

"आई वारलेली मुलं येतात, त्यांच्याबरोबर दाई राहते ना आत?"

"राहते. पण याची आई तर ही उभी आहे."

"आई आहे. पण तिला दूध नाही."

त्यात खोटे काहीच नव्हते. त्याने सावकाश लिहिले: आई, गौहर. सोबत दाई, चांगुणा. अक्षर नेहमीइतकेच सुरेख आले.

"चांगुणा," तोंड पुसत आलेल्या तिला तो म्हणाला, "तू दाई. आत जा, बाळाला पाज."

तिला कळायला एक क्षण लागला. मग ती अशी धावली की सिस्टरबाईंना बाजूला व्हावे लागले. थोड्या वेळाने आतले रडणे थांबले.

गौहरबीने व्हरांड्यात बसकण मारली. "पोराला दाई ठिवली म्हंजी मी बडी बेगम झाले की, रावसाहेब!" ती म्हणाली, आणि दिवसभराच्या धुळीतून तिचे दात चमकले. शामकांतलाही हसू आले.

कोंडाजी बरा झाला. आठवड्याच्या बाजारादिवशी त्याला घरी सोडले. सिस्टरबाई काटेकोर; नोंदीत आई म्हणून जिचे नाव, तिच्याच हातात त्यांनी बाळ दिले. गौहरबीने त्याला वरखाली न्याहाळले.

"काय बाई काळंबेंद्रं पोर माजं," ती मोठ्याने म्हणाली आणि त्याला चांगुणाच्या पदरात टाकले. "धर. नीट सांबाळ."

"व्हय, भाबी," चांगुणा म्हणाली. किती दिवसांनी ती हसत होती कोण जाणे. बाळाला घट्ट धरून ती फाटकाकडे चालू लागली.

शामकांत खुर्चीवरून उठला आणि पायऱ्यांपर्यंत गेला.

"गौहरबी, तुम्ही नगरला पुन्हा कधी येणार?"

त्याच्या तोंडी पहिल्यांदाच आलेले 'तुम्ही' ऐकून ती थांबली. "का वो?"

तो बोटावरची शाई चोळत राहिला. शाई निघणारी नव्हती. "आमच्या घरी कोंडा आहे," तो म्हणाला. "गव्हाचा. चालेल ना?"

गौहरबीने त्याच्याकडे नीट पाहिले. मघाची थट्टा तिच्या चेहऱ्यावर उरली नव्हती.

"कितवा म्हैना?"

"आठवा."

"तुमचा कोंडा न्हाई चालायचा," ती म्हणाली. "त्यो इकत घेनारीनं आनायचा आसतो. म्या आनीन. तुमी सूप तेवडं काढून ठिवा."