चाळीस जणांचा एकच अहवाल

सबा अत्तारला शिकवायला लागून चार वर्षं झाली होती, आणि चारही वर्षं ती तासिका तत्त्वावर होती. म्हणजे दर जूनला नवा अर्ज आणि दर एप्रिलला नवा निरोप. नारायण पेठेतल्या ज्या कॉलेजात ती शिकली, तिथंच आता बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला मानसशास्त्र शिकवत होती. तिला चांगली प्राध्यापक व्हायचं होतं. स्वप्न इतकं साधं, की ते कुणाला सांगायचीही तिला लाज वाटे.

यंदा विभागप्रमुख हेमा मॅडम निवृत्त होणार होत्या. त्यांच्या जागी कायमची नेमणूक व्हायची होती आणि हेमा मॅडमच्या शिफारशीशिवाय ती होणार नव्हती. मॅडमनी सबाला बोलावून स्पष्टच सांगितलं होतं, "मला दोनच गोष्टी दाखव. निकाल आणि जर्नलं. बाकी मानसशास्त्र काय, आयुष्यभर येतच राहतं."

जर्नल म्हणजे प्रात्यक्षिकाची वही. मुलं जोडीनं प्रयोग करत. एक प्रयोगकर्ता व्हायचा आणि दुसरा प्रयुक्त, म्हणजे ज्याच्यावर प्रयोग करायचा तो. प्रयोग संपला की प्रयुक्तानं आपल्याला काय वाटलं ते जोडीदाराच्या जर्नलात चार ओळींत लिहायचं. याला म्हणत अंतर्निरीक्षण अहवाल. या कॉलेजात मात्र तो अहवाल बाई फळ्यावर लिहून देत आणि सगळी मुलं उतरवून घेत. 'सुरुवातीला प्रयोग थोडा कठीण वाटला. नंतर सरावाने जमू लागले. प्रयोग करताना आनंद वाटला.' हेमा मॅडमनी सबाला हेच लिहून दिलं होतं, आणि सबाही आता मुलांना हेच लिहून देत होती. त्यात काही वावगं आहे असं तिला कधी वाटलं नव्हतं.

फेब्रुवारीतल्या एका दुपारी ती प्रयोगशाळेत सह्या करत बसली होती. परीक्षा दहा दिवसांवर आली होती. प्रयोगशाळेचे परिचर उत्तरेश्वर मामा कपाटातली जुनी जर्नलं रद्दीसाठी बांधत होते. मामा मूळचे बार्शीकडचे, कॉलेजात तीस वर्षं काढलेले. एक जर्नल उघडून ते म्हणाले,

"मॅडम, आपल्या कॉलेजची पोरं फार गुणाची बघा."

"का हो मामा?"

"हा आरशाचा प्रयोग. आरशात बघून तारा गिरवायचा. मी एकदा करून बघितला, दातओठ खाल्ले. पण इथं तीस वर्षांत एकाला राग आला नाही. सगळ्यांना आधी कठीण वाटलं, मग जमलं, मग आनंद झाला. एवढा आनंद तर दगडूशेठसमोरच्या रांगेतपण नसतो."

सबा हसली. पण पुढची सही करताना तिचा हात थांबला, कारण समोर तिच्या वर्गातल्या केयूरचं जर्नल होतं. त्याच प्रयोगाच्या पानावर वरून दुसरा कागद चिकटवलेला होता, तोही फक्त कडांना.

केयूरची प्रयुक्त होती शकूताई. शकूताई चव्वेचाळीस वर्षांची. पहाटेपासून मार्केट यार्डात एका गाळ्यावर कांदा निवडायची आणि तिथून साडेअकराला वर्गात यायची. रात्रशाळेतून दहावी झालेली. जूनमध्ये ती पहिल्या बाकावर बसून प्रश्नांनी सबाला भंडावून सोडायची. डिसेंबरपासून ती मागे बसू लागली होती आणि गप्प झाली होती. सबाला वाटलं होतं, घरी काही अडचण असेल.

तिनं वरचा कागद हलक्या हातानं उचकटला. खाली शकूताईचं ठळक अक्षर होतं.

'तारा काढताना मला राग आला. हात उजवीकडे न्यावा तर तो डावीकडे जात होता. मी चौतीस वर्षांची असताना पहिल्यांदा पेन धरलं. तेव्हाही हात असाच परक्याचा वाटायचा. माझी मुलगी दुसरीत होती. ती शेजारी बसून माझ्या चुका मोजायची आणि हसायची. लहान होती, तिला कळत नव्हतं. आज केयूर "ताई, सतरा चुका" म्हणाला तेव्हा मला तेच आठवलं. आरसा पालथा घालावा वाटलं. मग मी घाई सोडली. दुसऱ्या वेळी नऊ चुका झाल्या. पण आनंद झाला नाही. दमल्यासारखं वाटलं.'

आणि त्यावर तिरकी लाल रेघ मारलेली होती. 'अनावश्यक मजकूर. नमुन्याप्रमाणे लिहा.' खाली सबाचीच सही.

ती रेघ मारल्याचं तिला आठवतही नव्हतं. तेच तिला जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला ती मार्केट यार्डात गेली. हमालांच्या पाठीवरची पोती चुकवत, विचारत विचारत गाळा सापडला. पाच-सहा बायका कांद्याच्या ढिगाभोवती बसल्या होत्या. शकूताईनं मान वर केली.

"अगं बाई, मॅडम! कांदे घ्यायला इथवर? इथं किरकोळ देत नाहीत हो."

"कांदे नकोत. तुमच्याशी बोलायचं होतं. मी केयूरच्या जर्नलातलं पान वाचलं."

शकूताईचे हात क्षणभर थांबले आणि परत चालू लागले. "ते होय. ते झालं की दुरुस्त."

"चूक माझी होती, शकूताई. तुमचं बरोबर होतं. माफी मागायला आले."

शेजारची बाई कुजबुजली, "कोण गं ही?" शकूताई म्हणाली, "आमच्या बाई." मग सबाकडे बघून म्हणाली, "राग नाही हो तुमच्यावर. तुम्हालाही कुणीतरी तसंच शिकवलं असणार. मला वाटलं होतं, मानसशास्त्र म्हणजे माणसाचं ऐकून घ्यायचं शास्त्र. मग कळलं, काय वाटायला पाहिजे तेसुद्धा फळ्यावर लिहून देतात. तेव्हा म्हटलं, आपण एम.ए.ला मराठी घेऊ. उगाच कशाला."

 तिथून ती सरळ कॉलेजात गेली.

हेमा मॅडमनी तिचं म्हणणं ऐकून घेतलं आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"परीक्षा नऊ दिवसांवर आली, आणि तुला चाळीस मुलांचे अहवाल नव्यानं लिहून घ्यायचेत?"

"सगळे नाही. निदान आरशाच्या प्रयोगाचे. त्यांचे त्यांना लिहू द्यायचेत."

"छान. आणि शिफारसपत्रात मी काय लिहू? ऐन वेळी जर्नलं फाडण्याचा दांडगा अनुभव?"

सबा तिथून हलली नाही. मॅडम खिडकीबाहेर बघत राहिल्या. मग त्यांचा आवाज उतरला.

"मी आधी लिहून देत नव्हते, सबा. माझ्या नोकरीच्या तिसऱ्या वर्षी एका मुलीनं अहवालात स्वतःचं खरं लिहिलं. घरातलं होतं. परीक्षेला बाहेरून आलेल्या एक्स्टर्नलनं ते सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचलं, रंगवून. मुलं हसली. ती मुलगी उठून गेली आणि परीक्षेला परत कधी बसलीच नाही. त्यानंतर मी फळ्यावर लिहायला लागले. तीन ओळी. कुणाला हसता येणार नाही अशा."

"तेव्हा आपल्या कॉलेजकडून इंटर्नल परीक्षक कोण होतं, मॅडम?"

मॅडमनी टेबलावरच्या चष्म्याच्या काड्या मिटल्या.

"मीच. त्याच्या शेजारच्या खुर्चीवर बसले होते."

सबा म्हणाली, "यंदा त्या खुर्चीवर मी आहे."

मॅडमनी चष्मा परत लावला. "ठीक आहे. कर. पण पोरांचं वाटोळं झालं तर माझ्याकडे येऊ नकोस."

दुसऱ्या दिवशी सबानं वर्गात सांगितलं, की जुना अहवाल खोडायचा आणि नवा लिहायचा. वर्गात गलका उठला.

"मॅडम, सीरियसली? आता?" केयूर म्हणाला. "मग नवीन अहवालाचं डिक्टेशन कधी?"

"डिक्टेशन नाही. जे वाटलं ते."

"पण काय वाटलं ते लिहायचं म्हणजे नेमकं काय लिहायचं?"

प्रश्न खराच होता. तीन वर्षं मानसशास्त्र शिकलेल्या मुलाला तो पडावा, याची लाज सबाला वाटली. मग तिनं आरशाची चौकट स्वतःसमोर ओढली, हात थेट दिसू नये म्हणून त्यावर पडदा घेतला आणि म्हणाली, "शकूताई, या. तुम्ही प्रयोगकर्ता. मी प्रयुक्त."

शकूताई मागच्या बाकावरून बिचकत पुढे आली. तिनं घड्याळ लावलं. सबानं आजवर शेकडो मुलांना हा प्रयोग समजावून दिला होता, पण विद्यार्थी असल्यापासून स्वतः एकदाही केला नव्हता. पहिल्याच कोनावर पेन्सिल अडली. हात हलवावा तर रेघेबाहेर जाई, थांबवावा तर वेळ जाई. चाळीस जणांसमोर तिच्या मानेवर घाम आला. मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. शकूताई मोजत होती, पण मनातल्या मनात.

"झालं," सबा म्हणाली. "किती?"

"तेवीस. पण मोठ्यानं सांगू का, हे आधी विचारायला पाहिजे होतं," शकूताई म्हणाली, आणि वर्ग हसला. सबाही हसली.

मग तिनं खडू घेऊन फळ्यावर स्वतःचा अहवाल लिहिला. 'मला लाज वाटली. तुमच्यासमोर चुकते आहे याची. हसणाऱ्याचा राग आला. मधेच असंही वाटलं, की मोजणारीनं एखादी चूक गाळावी.' लिहून झाल्यावर ती म्हणाली, "हे माझं आहे. कुणी उतरवून घेऊ नका. आणि ज्याला आपलं सांगायचं नाही, त्यानं 'सांगायचं नाही' असं लिहावं. तोही अहवालच आहे. प्रयुक्ताचं नाव घालू नका. आणि त्याला विचारल्याशिवाय त्याचं कुणाला वाचून दाखवू नका."

त्या दिवशी तास संपल्याची घंटा झाली तरी मुलं लिहीत होती. एकानं लिहिलं, 'मला मजा आली, शपथ.' सातजणांनी लिहिलं, 'सांगायचं नाही.' शकूताईनं केयूरच्या जर्नलातल्या त्या पानावर चिकटवलेला कागद काढून टाकला. लाल रेघेशेजारी सबानं तारीख घालून लिहिलं, 'शेरा चुकीचा होता. रद्द.' आणि खाली सही केली.

परीक्षेच्या दिवशी एक्स्टर्नल सर बाहेरगावाहून आले. माणूस वाईट नव्हता, फक्त घाईत होता. हेमा मॅडम कोपऱ्यात उपस्थितीपट घेऊन बसल्या. पहिली काही जर्नलं सरांनी नुसती चाळली. मग केयूर समोर उभा राहिला. शकूताई तिथंच बाकावर आपल्या नंबराची वाट बघत होती.

सरांची नजर पानावर थबकली. चेहऱ्यावर हसू आलं. "अरे वा, इथं तर कादंबरीच आहे! ऐका हं. 'तेव्हाही हात असाच परक्याचा वाटायचा. माझी मुलगी...'"

शकूताईनं पदराचं टोक घट्ट धरलं.

"सर," सबा म्हणाली, "एवढा भाग आपण मनात वाचावा."

सरांनी मान वळवली. "का?"

"प्रयुक्तानं तो मोठ्यानं वाचायला परवानगी दिलेली नाही."

"परवानगी? अहो, मी अठरा वर्षं एक्स्टर्नल म्हणून फिरतोय."

"म्हणून तर विनंती करते, सर. आपल्याला हे माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे." तिची नजर हलली नाही.

 मग हेमा मॅडम कोपऱ्यातून उठल्या, खुर्ची उचलून आणली आणि सबाशेजारी मांडून बसल्या.  सरांनी दोघींकडे पाहिलं, खांदे उडवले आणि पान खाली ठेवून वाचायला लागले. पहिल्यांदा घाईनं, मग पुन्हा एकदा, सावकाश. वाचून त्यांनी केयूरला विचारलं, "चुका सतरावरून नऊवर आल्या, तरी प्रयुक्ताला आनंद का झाला नाही?"

 केयूर म्हणाला, "सर, मी विचारलंच नाही."

"विचारायला हवं होतंत," सर म्हणाले आणि गुण मांडले. कमी नाही, जास्त नाही.

सगळं आटोपल्यावर हेमा मॅडमनी सबाला व्हरांड्यात गाठलं. "चार जर्नलं अपुरी निघाली. दोघांनी चुकीचा आलेख चिकटवलाय. हे मला आवडलेलं नाही."

"हो, मॅडम."

"उद्या अकराला प्राचार्यांकडे ये. शिफारस लिहून झाली आहे." दोन पावलं जाऊन त्या थांबल्या. "त्यात जर्नलांचा उल्लेख नाही. इंटर्नलच्या खुर्चीवर कसं बसावं हे तुला येतं, एवढंच लिहिलंय. समितीला कळलं तर कळलं."

जिन्याखाली शकूताई पिशवी सावरत उभी होती. सबाला बघून म्हणाली, "मॅडम, एम.ए.च्या फॉर्मची शेवटची तारीख कधी हो? मराठीची नको. आपली."