अबोला कोणाचा

अबोला धरण्यात त्या घरात नवऱ्याचा हात कोणी धरला नसता. खुर्च्या-सोफे मढवणारा माणूस, तोंडात खिळे धरून काम करायची सवय. गप्प बसणं त्याला जड जाणार कसं? बायको त्याच कारखान्यात, समोरच्या मशीनवर खोळी शिवायची. आजवरचा प्रत्येक अबोला तिनेच मोडला होता, आणि दर वेळी नवऱ्याने लढाई जिंकल्यासारखा चहा मागितला होता.

या खेपेला तिने ठरवलं, नमतं घ्यायचं नाही. झालं होतं एवढंच, की "या सोफ्याला निळं लावू की तपकिरी?" असं तिने दोनदा विचारलं आणि त्याने नुसतं बघितलं. तिसऱ्यांदा विचारेल तर ती कसली! मग इकडे मशीनची खडखड, तिकडे हातोडीची ठकठक, मधे शब्द नाही. त्याने एका खुर्चीच्या पाठीला कापड उलटं ठोकलं, तरी तिने चकार शब्द काढला नाही. मला बोलतं करायला मुद्दाम चाललंय सगळं, अशी तिची खात्री.

महिनाभराने नणंद आली. बाई अशी बडबडी, की भिंतींनाही बोलायला लावील. जेवताना तिने एक विनोद सांगितला. बायको हसली, विषय बदलला, नणंद आपल्या गुडघेदुखीवर आली, आणि तेव्हा नवरा खो खो हसला.

"माझ्या गुडघ्यांत हसण्यासारखं काय आहे रे दादा?" नणंद म्हणाली. मग एकदम आवाज उतरवून, "वहिनी, हा मघाच्या विनोदाला हसतोय."

बायकोच्या हातातला घास हातातच राहिला.

तपासण्या झाल्या. मेंदूत पाण्याची गाठ निघाली.

"गाठ साधी आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पण मेंदूवर दाब पडतोय. ऐकलेलं आत पोचायला आणि उत्तर बाहेर यायला वेळ लागतोय. कधीपासून असे गप्प आहेत?"

"मला वाटलं, रागावलेत," बायको म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी पुष्कळ संसार पाहिले असावेत; त्या हसल्या नाहीत. ऑपरेशननंतर वाचा परत यायला हवी, पण हमी देता येणार नाही, असं त्यांनी स्वच्छ सांगितलं.

ऑपरेशन चालू असताना ती बाहेर बाकावर बसून होती. कवटी उघडणार याची धास्ती होतीच, पण जीव खात होतं ते वेगळंच. नवरा आत अडकून पडला होता, आणि आपण नाक वर करून मशीन चालवत बसलो. आता तो बोललाच नाही तर? त्याचं शेवटचं वाक्य कोणतं, हेसुद्धा तिला आठवेना. नणंदेने पाठीवर हात ठेवला आणि तिचा बांध फुटला.

गाठ सुखरूप निघाली. दुसऱ्या दिवशी तो डोक्याला पट्ट्या बांधून पडला होता, डोळे उघडे. ती जवळ बसली. काही विचारायचा तिला धीर होईना; उत्तर आलं नाही तर काय करायचं?

"तू बोलत का नाहीस माझ्याशी?" तो म्हणाला. आवाज घोगरा, पण शब्द लख्ख.

तिला हसू आणि रडू एकदमच आलं. "मी? अबोला तुम्ही धरला होतात ना?"

"मी कशाला धरू? उत्तर जुळवून आणायचो, तोवर तू उठून गेलेली असायचीस. वाटलं, चिडली आहेस. का चिडलीस ते विचारावं, तर तेही जुळेना."

"मीच धरला होता," ती म्हणाली. "एकदा तरी तुम्ही हरावं म्हणून."

तो गप्प झाला. एरवी एवढ्यात ती उठली असती. आज बसून राहिली, कितीही वेळ लागो म्हणून.

"मग हरलो की," तो म्हणाला. "आधी मीच बोललो."

"हरलात," ती म्हणाली, आणि त्याचा हात गालाशी धरून पोटभर रडली.