उबेत अडकलेल्या पेशी

"भावोजी, कोणी सांगितलं होतं यांना ऊब द्यायला?" मेहुणीने मायक्रोस्कोपवरून डोकं न उचलता विचारलं.

त्याने एक रिकामी बाटली धुवायला घेतली. प्रयोगशाळेतलं काचसामान धुण्यात त्याची उमर गेली होती. यीस्टच्या या पेशी त्याच्या बायकोने तयार केलेल्या. ती गेली, मग फ्रीजर बिघडला आणि त्यातला साठाही गेला. उरली ही एकच बाटली. काल ती गार कपाटात दिसली आणि त्याला राहवलं नाही. आजारपणात बायकोला सारखी थंडी वाजायची. त्याने बाटली उचलून उबदार कपाटात ठेवली आणि घरी गेला.

"बाकीचं यीस्ट तिथेच तर असतं," तो पुटपुटला.

"बाकीचं. ताईने या मुद्दाम अशा केल्यात, की उबेत यांचं एक प्रथिन बंद पडतं. डीएनएची नक्कल कुठून सुरू करायची त्या जागा ठरलेल्या, त्यांना एकदाच नक्कल करायचा परवाना मिळालेला, सगळी तयारी झालेली. फक्त 'करा सुरू' म्हणणारं ते प्रथिनच नाही. म्हणून मायलेकी पेशी बसल्यात एकमेकींना चिकटून, दोन दाण्यांच्या शेंगेसारख्या."

"आता गार केल्यात ना? मग घोडं कुठे अडलंय?"

"जगल्या असतील तर होतील सुरू."

"काहीतरी घालून ढकल की जरा."

"आणि एकाच जागेवरून दोनदा नक्कल झाली म्हणजे? सगळा विचका. एकदा सुरुवात झाली की पेशी परवाना काढून घेते ती उगाच नाही. तुमच्यापेक्षा शहाणी आहे ती."

"टोमणे नंतर मार. काय दिसतंय ते सांग."

"दिसलं की सांगते. त्या रिकाम्या बाटलीचा पिच्छा सोडा, तिची काच झिजेल."

त्याने धुतलेली बाटली पुन्हा धुवायला घेतली. दुपार कलली. मेहुणी तीनदा नमुना घेऊन बसली आणि तीनदा नुसतीच हुं म्हणाली. त्याचं डोकं फिरायची वेळ आली.

"बऱ्याच मेल्यात," ती शेवटी म्हणाली. "काही सुटल्यात."

"काही म्हणजे किती? तुझी बहीण असं गुळमुळीत बोलत नव्हती."

"बसा इथे, तुम्हीच बघा. बटणांना हात लावू नका."

त्याने डोळा लावला. शेंगा तशाच पडल्या होत्या. मात्र कडेला एकीचे दोन दाणे वेगळे झाले होते आणि त्यातल्या एकाला नव्या पेशीचा बारीक फुगवटा आला होता.

बराच वेळ तो उठला नाही.

"झालं का, भावोजी? मला काम आहे."

"गोठवायच्या कुप्या काढतो," तो म्हणाला. "दोन फ्रीजरमध्ये ठेवू. एकावर माझा विश्वास नाही."

"माझा तुमच्यावर नाही," मेहुणी म्हणाली आणि खुर्ची ओढून घेतली.