रक्तपेढीतला हट्टी प्रोग्राम

मी जुना झालोय, मित्रांनो, हे मला मान्य आहे. निकामी झालोय, हे मात्र मी मुळीच मान्य करणार नाही.

एका मोठ्या रुग्णालयाच्या रक्तपेढीत टेबलाखाली एक संगणक आहे. त्यात मी राहतो. मी एक छोटा प्रोग्राम आहे. रुग्णालयातल्या कुठल्याही संगणकावरून माझ्या पत्त्यावर रक्तगट पाठवा, त्या गटाच्या किती पिशव्या शिल्लक आहेत ते मी लगेच कळवतो. असं विचारल्याचं उत्तर देणाऱ्या प्रोग्रामला एपीआय म्हणतात.

मला रक्तपेढीतल्या तंत्रज्ञ ताईंनी लिहिलं. त्या काळी वॉर्डांमधून दिवसभर फोन यायचे. एका हातात फोन, दुसऱ्या हातात रक्ताची नळी, अशी त्यांची तारांबळ उडायची. एकदा त्या गडबडीत नळी फुटली आणि एका आजोबांना पुन्हा सुई टोचून घ्यावी लागली. ते ताईंच्या जिवाला लागलं. त्यांनी लेकीची कॉलेजची पुस्तकं काढली आणि पायथन ही प्रोग्राम लिहायची भाषा शिकायला बसल्या.

"आई, भलंमोठं काही नको," लेक म्हणाली. "पायथनमध्ये तयार हलकी चौकट मिळते. पत्ता लिहायचा, खाली उत्तर काय द्यायचं ते लिहायचं. झालं!"

"झालं म्हणायला तुझं काय जातं?" ताई म्हणाल्या. त्यांना तीन आठवडे लागले.

सुरुवातीला मी धांदरट होतो. रक्तगट न लिहिताच कुणी विचारलं, की कोसळायचो. "अरे, निदान ‘रक्तगट लिहा’ एवढं तरी म्हण!" असं पुटपुटत ताईंनी मला वळण लावलं. मग त्यांनी मला एक नियम घालून दिला. रक्ताच्या पिशव्या ठेवलेल्या प्रत्येक फ्रीजमधला तापमापक मला दर मिनिटाला तापमान कळवतो. तो गप्प झाला, तर त्या फ्रीजमधली एकही पिशवी मी मोजायची नाही. सरळ म्हणायचं, ‘सांगता येत नाही, रक्तपेढीत विचारा.’ रक्त गरम झालं असेल, तर ते रुग्णाला देणं जिवावर बेतू शकतं.

सहा वर्षं सगळे मला नावाजत होते. मग नवे अधीक्षक आले, आणि त्यांच्यासोबत एक नवी, देखणी संगणक यंत्रणा आली. ती हिरव्या अक्षरांत नुसत्या पिशव्या मोजायची. तापमानाशी तिला देणंघेणं नव्हतं.

"तुमचा प्रोग्राम सारखा ‘सांगता येत नाही’ म्हणतो," अधीक्षक ताईंना म्हणाले. "बरं दिसत नाही ते. तापमापक बंद पडला, तर पिशव्यांचा शेवटचा आकडा दाखवा. नाहीतर महिनाअखेर तो बंद करा."

"साहेब, बंद करायचा तर करा. खोटं बोलायला मी त्याला शिकवणार नाही."

मित्रांनो, तेव्हा मला तोंड असतं, तर मीही हेच बोललो असतो!

त्यानंतरच्या सोमवारी सकाळी एका सुतारकाकांचं ऑपरेशन होतं. नव्या यंत्रणेनं त्यांच्या गटाच्या चार पिशव्या दाखवल्या. पण थिएटरमधल्या थोरल्या सिस्टरांनी सवयीनं मलाही विचारलं. त्या पिशव्या ज्या फ्रीजमध्ये होत्या, त्याचा तापमापक केव्हाचा गप्प होता. मी म्हणालो, ‘सांगता येत नाही.’

"डॉक्टर, थांबा," सिस्टर म्हणाल्या.

अधीक्षक तणतणत रक्तपेढीत आले. "एका टीचभर प्रोग्रामसाठी ऑपरेशन थांबवलंत?"

ताईंनी त्या फ्रीजचं दार उघडून त्यांना आत हात घालायला सांगितलं. आत खोलीइतकंच गरम होतं. प्लगच जळला होता. तापमापक त्याच प्लगवर चालायचा. अधीक्षकांनी हात मागे घेतला. चारही पिशव्या बाद झाल्या. दुपारी दुसऱ्या रुग्णालयातून रक्त आलं, ऑपरेशन झालं आणि आठवड्याभरानं सुतारकाका स्वतःच्या पायांनी घरी गेले.

माझा सत्कार वगैरे झाला नाही. फक्त महिनाअखेर आली आणि मला बंद करायला कुणीच आलं नाही.

आता ताई निवृत्त झाल्यात. ज्या चौकटीवर मी उभा आहे, तिच्या नव्या आवृत्त्या निघाल्या; मला त्या कुणी दिल्या नाहीत. संगणकाच्या पंख्यात धूळ साचली आहे. जाता येता लोक म्हणतात, "हे जुनं खोकं फेकून द्या."

फेका! मी गयावया करणार नाही. पण मित्रांनो, उद्या तुमच्या हाती असं एखादं जुनं काम आलं, तर आधी ते वाचा. मी एकशे बारा ओळींचा आहे. चहा गार व्हायच्या आत वाचून होईन. त्यातली प्रत्येक ओळ का लिहिली होती ते समजून घ्या, आणि मग खुशाल माझी वायर ओढा.