दामोदरचा पोलादी गिअर

चौऱ्याण्णव सालची गोष्ट. कानडी मुलखात, राजाजीनगरला माझं गॅरेज होतं. शनिवारी सकाळीच नीलाअक्का आली, मागनं तिचा नवरा दामोदर, मान खाली घालून.

"भीमसेनअण्णा, गाडी नीट चालंना. आणि परवा नंदीचा डोंगर चढायचाय!"

गाडी म्हणजे तिच्या बापाची चौपन्नची शेवरले. बाप गेल्यापासनं तिचा पुण्याचा भाऊ जयसिंगराव गाडी मागत होता. शेवटी पैज लागली. त्याला मागं बसवून गाडी डोंगर चढली तर अक्काची, वाटेत बसली तर त्याची.

मी डिस्ट्रिब्युटर उपसला. त्याच्या बुडाला एक लहान गिअर असतो. कॅमशाफ्ट त्याला फिरवतो, तो वर ठिणगी देतो आणि खाली तेलाचा पंप फिरवतो. गिअरचे दात लख्ख नवे. तेलात मात्र लोखंडाचा चुरा चमकत होता.

"हा कुठनं आणला?"

"मी बनवला," दामोदर म्हणाला. सरकारी कारखान्यातला इंजिनियर तो. "उत्तम पोलाद, भट्टीत कडक केलंय. शंभर वर्षं झिजणार नाही. पंपपण मोठा बसवलाय."

मी कानस ओढली. सरकन घसरली, ओरखडा नाही.

"सरी, खरंय! हा नाही झिजणार, पण कॅमशाफ्टचे बिडाचे दात खातोय की! त्यात मोठ्या पंपाचं ओझं. बाबा, झिजायचं ते ह्या लहानग्यानं. ह्याला बदलायला अर्धा तास लागतो. कॅमशाफ्टला अख्खं इंजिन उघडायला लागतं."

"लग्नापासनं सांगते, स्वल्प मऊ हो म्हणून," अक्का म्हणाली.

कॅमशाफ्टचे दात हाताला खरखरीत लागले, पण वाचले होते. रविवारी मी आणि दामोदर चिकपेटचा जुना बाजार धुंडाळायला गेलो. एका गिअरला दात जास्त, दुसऱ्याचे दात उलटे तिरके. तिसरा मी घेतलाच होता, तर ह्यानं खिशातनं मायक्रोमीटर काढला.

"अण्णा, भोक केसभर मोठं आहे."

दुकानदार ओरडला, "एनु सार, काय, सोनं घेताय का?"

पण बरोबर होतं दामोदरचं. चौथा मापात बसला, बिडाचा निघाला, कानसपण लागली. मग जुना लहान पंप परत बसवला. दातांना निळा रंग फासून फिरवला, तर ठसा मधोमध, म्हणजे दात नीट जुळले.

सोमवारी अक्का चालवायला, शेजारी मी, मागं दोघं. प्रत्येक वळणाला जयसिंगराव पुढं वाकून तेलाच्या दाबाचा काटा बघायचा.

"ताई, पडतोय का गं?"

"तूच पडशील. नीट बस."

काटा हलला नाही. वर पोचल्यावर जयसिंगराव उतरला, बॉनेटवर थाप मारली.

"घे बाई, तुझीच. उतारावर तरी मी चालवू?"

"आधी ह्यांचा नंबर," म्हणत अक्कानं चावी दामोदरकडं फेकली. आजवर ह्या गाडीच्या स्टिअरिंगला हातसुद्धा लावू दिला नव्हता तिनं नवऱ्याला. त्या येड्याच्या हातनं चावी सटकली. मी उचलून दिली, तोवर तो दार उघडून आत बसलापण होता.