माळवदाची माती

दसऱ्याचं सोनं वाटून झालं आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच दैवशाला कुदळ घेऊन स्वतःच्या घरावर चढली. खाली अंगणात तिचा सासरा रामकिशन बाजेवर बसून वर बघत होता. त्याने तिला अडवलं नाही, पण मदतीला उठलाही नाही.

घर माळवदाचं, पाच खणांचं; दोन तुळयांमधला एक खण. तुळयांवर आडवी लाकडं, लाकडांवर कापसाच्या पळाट्या आणि त्यावर पांढरी माती. दर उन्हाळ्याच्या शेवटी रामकिशन गावाबाहेरून माती आणायचा, वर एक थर चढवायचा आणि धुमसाने ठोकून घट्ट करायचा. त्याच्या बापानेही जन्मभर तेच केलं. जुना थर काढायची रीत नव्हती. नवा तेवढा चढायचा. आता वरची माती मांडीला लागेल एवढी झाली होती. जिंतूरकडच्या त्या गावात, पावसाळ्यात ज्याच्या घरात थेंब पडत नाही असं घर म्हणून रामकिशनचं नाव घेतलं जायचं. त्याच्याकडे मिरवायला दुसरं काही नव्हतं.

पण दोन वर्षांपासून जमीन गुरगुरायला लागली होती. लांबून जड ट्रक यावा तसा आवाज यायचा, पायांखालून जायचा, आणि मांडणीवरची भांडी वाजायची. पहिल्यांदा लोक पळत बाहेर आले, मग हळूहळू सवय झाली. उन्हाळाभर अख्खं गाव अंगणात निजलं. तालुक्याहून साहेब लोक आले, शाळेत एक यंत्र बसवून गेले, आणि माळवदावरचं ओझं उतरवा असं सांगून गेले. लोकांनी त्यांना चहा पाजला. माती मात्र कोणी काढली नाही. भूकंप होईल की नाही ते कोणाला ठाऊक. माती काढली तर घर गळणार हे सगळ्यांना ठाऊक होतं.

दैवशालाची पोरगी भक्ती आठवीला होती. शाळेत पृथ्वीच्या पोटाचा धडा झाल्यापासून ती रोज संध्याकाळी आजोबाच्या बाजेवर बसून त्याला शिकवायची.

"आबा, मोबाईलवर आलंय. कालचा हादरा दहा किलोमीटर खोल झाला म्हणं."

"दहा? जिंतूर त्याच्याहून लांब हाय," रामकिशन म्हणाला. "खाली एस्टी जात असती तर बगून आलो असतो काय गडबड चाललीय ती."

पृथ्वीचं वरचं कवच कांद्याच्या पापुद्र्याएवढं आहे, आत सगळं तापलेलं आहे, आपल्या विहिरीतला काळा दगडसुद्धा एके काळी पातळ रस होता आणि भेगांतून वर आला, असं भक्तीने सांगितलं. म्हाताऱ्याने मान डोलावली आणि विचारलं, मग विहिरीचं पाणी गार कसं? ते सरांना विचारावं लागेल, असं ती म्हणाली. तेवढ्यात वरून एक चमकता ठिपका सरकत गेला. तो उपग्रह, तिथून अख्खी पृथ्वी निळी दिसते, असं तिने बोट दाखवून सांगितलं.

"मंग आपलं माळवद बी दिसत असंल?"

"दिसत असंल की."

"त्येला इचार, कुटं गळायलंय का."

पोरगी खिदळली. चुलीपाशी बसलेली दैवशाला हसली नाही. तिला थंडीत त्या दोघांच्या डोक्यावर येणारी माती दिसत होती.

ती आणि तिचा नवरा बजरंग दरवर्षी दिवाळीच्या तोंडावर ऊस तोडायला जायचे. नवराबायकोचा मिळून एक कोयता. एकाला घरी राहता येत नाही. भक्ती शाळेसाठी आजोबापाशी राहायची. या वर्षी दैवशालाने सासऱ्यापाशी विषय काढला.

"मामा, आमी दोघं चाललो. पोरगी तुमच्यापाशी हाय. त्या मातीखाली तिला ठिवून मला जाववत न्हाई."

रामकिशनने वर माळवदाकडे बघितलं. मग म्हणाला, "ही माती मी डोक्यावर वाहून आणली. तिच्याखाली तुजा नवरा वाढला. ती कोन्हाला मारील काहून?"

बजरंगने दोघांचंही ऐकलं. परत आल्यावर उन्हाळ्यात पत्रे टाकू, एवढंच त्याने बायकोला रात्री सांगितलं.

म्हणून दैवशाला एकटीच वर चढली होती. माती दगडासारखी बसली होती. कुदळ मारावी तर ढेकूळ निघायचं, त्यात जुना भुसा आणि वाळलेलं गवत. टोपलं भरायचं, शिडीवरून उतरायचं, परसात ओतायचं. शेजारची सुलाबाई कंबरेवर हात ठेवून बघत राहिली.

"दैवशाला, घरात निजून चांदण्या बगायच्या हायत व्हय?"

"तुमच्या बी घरावर हाय तेवडीच, काकी. रिकाम्या असताल तर या वर."

सुलाबाई आली नाही. ऊसतोडीला न्यायला ट्रक येईपर्यंत दैवशालाच्या हातून दोनच खण मोकळे झाले. त्यांवर तिने खताच्या रिकाम्या पिशव्या शिवून पसरल्या. घरात ताडपत्री होती, पण एकच, आणि ती कारखान्यावर राहायच्या झोपडीला, कोपीला लागायची. तिने ती घडी करून ट्रकमध्ये टाकली. जाताना भक्तीचं अंथरूण तिने स्वतः मोकळ्या खणाखाली घातलं आणि सासऱ्याला ऐकू जाईल अशा बेताने पोरीला बजावलं, की थंडीने आत आलात तर हितंच निजायचं, काही झालं तरी जागा सोडायची नाही. रामकिशन दारात उभा होता. त्याने मान हलवली, पण सुनेकडे बघितलं नाही.

पुढचं तिला भक्तीकडून कळलं.

कार्तिक सरता सरता अवकाळी पाऊस आला. दोन दिवस थांबला नाही. वाऱ्याने खताच्या पिशव्या उडवल्या आणि मोकळ्या खणांतून पाणी धार लावून आत पडायला लागलं. पलीकडे रामकिशनच्या बाजूला जमीन कोरडी ठाक होती. भक्तीने अंथरूण गोळा केलं आणि आजोबाकडे यायला निघाली. म्हाताऱ्याने तिला परत पाठवलं.

"तुज्या मायनं सांगितलंय तितंच बस."

"आबा, लय गळायलंय."

"गळू दे. भिजलेलं वाळतंय."

त्याने पोरीच्या हातात पितळी परात दिली आणि ती डोक्यावर धरून बसायला सांगितलं. स्वतः तिच्याजवळ भिजत बसून राहिला. उजाडलं तेव्हा पोरीचे दात वाजत होते. मग तो उठला. म्हणाला, माझ्या बाजूला कोरडी गोधडी आहे, घेऊन येतो.

तो पलीकडे गेला आणि जमीन गुरगुरली. परातीवर काही खडे वाजले, एवढंच भक्तीला आठवत होतं. परात खाली केली तेव्हा पलीकडे घर नव्हतं. मोकळ्या खणांच्या उघड्या कडेतून दोन दिवस पाणी मुरून जड झालेली माती तुळया मोडून खाली बसली होती.

गावातलं दुसरं एकही घर पडलं नाही. हादरा सौम्य होता, जीवितहानी नाही, अशी बातमी थोड्या वेळाने सगळ्यांच्या मोबाईलवर आली. त्या वेळी लोक अजून माती उपसत होते. रामकिशन सापडला तेव्हा गोधडी त्याच्या काखेत होती. वरची बाजू मातीने माखलेली, आतल्या घड्या कोरड्या.

दैवशाला आणि बजरंग दुसऱ्या दिवशी पोचले. माती देऊन झाली, तिसरा झाला. मोडलेल्या माळवदाच्या कडेला मातीचे थर उघडे पडले होते, एकावर एक, पातळ पातळ. बजरंग त्यांच्यासमोर उभा राहून म्हणाला, "सगळेच खण मोकळे केले असते तर." ताडपत्री इथे ठेवली असती तर, हे दैवशालाच्या मनात होतं.

त्या दुपारी सुलाबाईच्या घरावरून कुदळीचा आवाज आला. तिचा मुलगा वर खणत होता आणि सुलाबाई शिडीखाली टोपलं घेऊन उभी होती. दैवशालाला बघून तिने पदर तोंडाला लावला. दैवशाला तिच्याजवळ गेली, टोपल्याला हात लावून ते तिच्या डोक्यावर चढवू लागली, आणि संध्याकाळपर्यंत तिथेच राबली.

ऊसतोडीच्या मुकादमाचा निरोप आला होता. कोयता बंद ठेवून चालणार नव्हतं आणि पोरीला ठेवायला घर नव्हतं. शाळेतले सर येऊन भेटले. वार्षिक परीक्षेला तरी आणा म्हणाले. आणू, असं बजरंग म्हणाला. भक्तीने पुस्तकं पिशवीत भरली, परातही घेतली.

ट्रक गावाबाहेर पडला तेव्हा ती आईला टेकून बसली होती. बराच वेळ गेल्यावर तिने विचारलं,

"माय, तितं कोपीवर काय असतं?"

"उसाचं पाचट. वर ताडपत्री."

"जड असतं?"

"न्हाई."

"आन पडलं तर?"

दैवशालाने पोरीच्या केसांतली वाळलेली माती नखाने काढली.

"पडलं तर उठून झटकायचं," ती म्हणाली.