माळ्यावर ठेवलेली विजेची पेटी

मित्रांनो, मी एक जुनी, विजेवर वाजणारी पेटी आहे. मला भाता नाही, पट्ट्या नाहीत, तारा नाहीत. एक लाकडी खोकं, त्यावर गोल फिरवायची बटणं आणि पोटात मोडीत निघालेल्या रेडिओंचे सुटे भाग, एवढाच माझा संसार.

रेडिओ दुरुस्त करणाऱ्या एका दादाने आपल्या धाकट्या बहिणीसाठी मला बनवलं. बटणं फिरवली की मी कधी घुमायचे, कधी किंचाळायचे. मला गायला शिकवलं ते त्या बहिणीच्या, म्हणजे माझ्या ताईच्या बोटांनी. दादा गिटार वाजवायचा आणि ‘वादळ’ म्हणून ओळखला जाणारा त्याचा मित्र ड्रम बडवायचा. असा आमचा रॉकचा चमू जमला.

पहिल्याच कार्यक्रमात कोणीतरी ओरडलं, “अहो, रेडिओ बिघडलाय तुमचा!”

“बिघडला नाही हो, वयात आलाय! आवाज फुटतोय त्याचा!” वादळने ठणकावलं. सभागृह खो खो हसलं, आणि मग कान देऊन ऐकत राहिलं.

पुढे दुकानाच्या मागच्या खोलीत, भिंतींना गाद्या टेकवून, आमचं ध्वनिमुद्रण झालं. दोन तबकड्या निघाल्या. लोक त्या शोधत दुकानापर्यंत येऊ लागले. मला तर आभाळ ठेंगणं झालं!

मग ताई सारखी म्हणू लागली, “दादा, हिचा आवाज बारीक झालाय रे.” दादाने मला कितीदा तरी उघडलं, भाग बदलले. पण दोष माझ्यात नव्हता. ताईचे कान जात होते. डॉक्टरांनी मोठ्या आवाजापासून लांब राहायला बजावलं. त्याच दिवशी दादाने मला चादरीत गुंडाळून माळ्यावर चढवलं.

“कान गेलेत माझे, हात नाही गेले!” ताई रडत म्हणाली. “तळहाताने ऐकीन मी.”

“उरलंसुरलं तरी राहू दे, बाई,” दादा म्हणाला. त्याने धसकाच घेतला होता.

उरलंसुरलंही राहिलं नाही; ताईला ऐकू येणं पार थांबलं. तरी मला खाली काढायचा धीर दादाला झाला नाही. वर्षं गेली. धुळीत माझ्या आतले भाग सुकत गेले. एक दिवस दादाही गेला.

त्यानंतर पिकल्या केसांच्या वादळने मला उतरवलं. ताईने माझ्यावर तळहात ठेवला. वादळने वीज जोडली. मी क्षणभर थरथरले, जळका वास सुटला आणि मी कायमची मुकी झाले.

“गेली ना?” ताईने विचारलं. तिला हाताने आधीच कळलं होतं. वादळने मान खाली घातली. मला दुरुस्त करू शकणारे एकच हात होते.

वादळने आमची जुनी तबकडी लावली. तिचा ताल तो ताईच्या पाठीवर बोटांनी धरू लागला. ताईने डोळे मिटले आणि माझी निर्जीव बटणं फिरवू लागली. एकही जागा चुकली नाही. मी मात्र गप्प होते.

मित्रांनो, आवडती वस्तू झाकून ठेवली म्हणजे ती जपली असं होत नाही. तिला हात लावा, वाजवा. आणि ती ज्याची आहे, त्या माणसाला एकदा विचारा.